मातीचे स्मारक

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. वऱ्हाडातील अशा गावांतून पूर्वी बहुतेक घरे मातीची असत. बांबूचा कूड उभारावा, त्यावर दोन्ही अंगांनी मातीचे लिंपण करावे, वर लाकडांच्या आधाराने कवेलू रचावेत आणि जमीन शेणाने सारवून घ्यावी, की घर तयार होई. मृगाचे ढग दिसण्यापूर्वी घरधनी छपरावर चढून फुटके कवेलू बदलीत आणि सण जवळ आला, की घरातील बायका भिंती पोतेऱ्याने उजळीत. आता विटा, सिमेंट आणि पत्रे ह्यांची घरे वाढली आहेत. तथापि कुडामातीची जुनी घरे अद्यापि कोठे कोठे उभी आहेत. अशा घरात वाढलेल्या एखाद्या मुलास, "अगदी तुझ्या घरासारखेच एक घर साऱ्या राष्ट्राचे स्मारक आहे," असे कोणी सांगितले, तर ते त्यास खरे वाटणार नाही.

स्मारक म्हणजे स्मरण करून देणारी वस्तू. ते शब्द ऐकताच डोळ्यांपुढे भव्य इमारती उभ्या राहतात. आग्र्याचा ताजमहाल शुभ्र संगमरवराचा आहे. मुंबईच्या समुद्रकाठचे गेटवे ऑफ इंडिया हे प्रवेशद्वार सुमारे २६ मीटर उंच असून ते दगडी आहे. रायगडावरील शिवछत्रपतींची समाधी सह्याद्रीच्या कातळावर उभी आहे. दगड पुष्कळ वर्षे टिकतो, म्हणून माणसे आपल्या आठवणी दगडात कोरून ठेवतात. पण महाराष्ट्रात एक स्मारक असेही आहे, की ज्याच्या भिंती मातीच्या आहेत, छप्पर कवेलूंचे आहे आणि ज्याच्या दारातून आत जाताना मोठ्या माणसास किंचित वाकावे लागते. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथील 'बापू कुटी' ती हीच. महागाव, आर्णी, यवतमाळ आणि कळंब ही गावे मागे टाकीत जाणारा महामार्ग वर्धा नदी ओलांडून देवळीवरून वर्ध्यास पोहोचतो. तेथून सेवाग्राम सुमारे ८ किलोमीटरांवर आहे.

ही कुटी येथे कशी उभी राहिली, हे समजून घेण्यासाठी इ. स. १९३० ह्या वर्षाकडे वळले पाहिजे. त्या वर्षी १२ मार्च रोजी महात्मा गांधी मिठाचा अन्यायी कायदा मोडण्यासाठी अहमदाबादजवळच्या साबरमती आश्रमातून पायी निघाले. स्वराज्य मिळाल्यावाचून आश्रमात परत यावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. दांडीच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले आणि साऱ्या देशात सत्याग्रहाचे वारे संचारले. वऱ्हाडात समुद्र नाही. पण तेथील लोक स्वस्थ बसले नाहीत. सरकारच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी जंगलाचा कायदा मोडला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसद येथे ह्या जंगल सत्याग्रहास आरंभ केला. पुसद फुलसावंगीच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. अशा रीतीने दांडीच्या मिठाशी यवतमाळ जिल्ह्यातील गवताच्या काडीचा संबंध जुळला.

पुढील काही वर्षे गांधीजींची तुरुंगात आणि प्रवासात गेली. स्वराज्य दूर होते आणि साबरमतीस परतावयाचे नव्हते. तेव्हा वर्ध्याचे जमनालाल बजाज ह्यांनी गांधीजींना वर्ध्यास राहण्याचा आग्रह केला. जमनालालजी मोठे व्यापारी होते. पण गांधीजींना ते पित्याच्या ठिकाणी मानीत आणि आपली संपत्ती देशकार्यासाठी खर्च करीत. त्यांच्या विनंतीवरून विनोबा भावे १९२१ सालीच वर्ध्यास येऊन आश्रम चालवू लागले होते. गांधीजी वर्ध्यास आले. तेथील मगनवाडीत डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. परंतु गांधीजींच्या मनास एक गोष्ट सलत होती. भारत खेड्यांत राहतो, असे आपण सांगतो; मग आपण स्वतः शहरात का राहावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

वर्ध्यापासून थोड्या अंतरावर शेगाव नावाचे एक लहान खेडे होते. तेथे पक्का रस्ता नव्हता, टपाल कचेरी नव्हती. पावसाळ्यात वाट चिखलाने भरून जाई आणि हिवतापाचा सुकाळ होई. वस्तीतील बरेच लोक त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील होते. गांधीजींच्या शिष्या मीराबेन तेथे आधीच सेवाकार्य करीत होत्या. त्या एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या कन्या. त्यांचे मूळचे नाव मॅडेलिन स्लेड. सुखाचे जीवन सोडून १९२५ साली त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, गांधीजी शेगावला राहावयास आले. ज्या वयात माणसे विश्रांतीचा विचार करतात, त्या वयात त्यांनी नव्या घराचा आणि नव्या कामाचा पाया घातला.

आश्रमातील पहिले घर 'आदि निवास' ह्या नावाने ओळखले जाते. घर बांधताना आसपास मिळेल तेच साहित्य वापरावे, गावच्याच कारागिरांकडून काम करून घ्यावे आणि खर्च शक्य तितका थोडा करावा, असा गांधीजींचा कटाक्ष होता. माती गावची, बांबू जवळच्या रानातला आणि कौशल्य गावकऱ्यांचे. आरंभी ह्या एकाच घरात सर्वांनी राहावयाचे असे. सरहद्द प्रांतातील उंचेपुरे पठाण नेते खान अब्दुल गफारखान तेथे राहून गेले. खंजिरीच्या तालावर लोकांना जागविणारे विदर्भाचे संत तुकडोजी महाराजही १९३६ साली तेथे काही दिवस राहिले. माणसांची गर्दी वाढत गेली. कस्तुरबांची होणारी अडचण पाहून जमनालालजींनी त्यांच्यासाठी एक वेगळी लहानशी कुटी बांधून दिली. मीराबेनने आपल्यासाठी एक कुटी बांधली होती. पुढे गांधीजी त्या कुटीत राहू लागले. तीच आजची 'बापू कुटी'.

ह्या कुटीच्या भिंतीवर मीराबेनने मातीनेच ताडाची झाडे आणि ॐकार उठविले आहेत. रंग नाही, सोने नाही. पण त्या उठावाने साधी भिंत बोलकी झाली आहे. कुटीत खुर्च्या आणि कोच नाहीत. जमिनीवर अंथरलेली चटई, टेकण्यासाठी तक्क्या आणि समोर लिहिण्याचे लहानसे मेज, एवढेच गांधीजींचे आसन. पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, डॉ. राजेंद्र प्रसाद, मौलाना आझाद असे थोर नेते येथे येत आणि गांधीजींसमोर भुईवरच बसत. जून १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस येथेच गांधीजींना भेटले. दोघांचे मार्ग तेव्हा वेगळे झाले होते. ह्यानंतर त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

कुटीच्या परिसरात जपून ठेवलेल्या दोन वस्तू पाहणाऱ्यांचे लक्ष विशेष वेधून घेतात. पहिली वस्तू म्हणजे साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि सोबतचा पिंजरा. भोवताली शेते आणि झुडपे असल्याने आश्रमात साप निघत. त्यांना मारावयाचे नाही, असा तेथील नियम होता. चिमट्याने साप अलगद धरावा, पिंजऱ्यात ठेवावा आणि दूर रानात नेऊन सोडावा. अहिंसा हा केवळ सभेत उच्चारण्याचा शब्द नसून अंगणात साप निघाला असताही पाळावयाचा धर्म आहे, हे तो चिमटा न बोलता सांगतो.

दुसरी वस्तू म्हणजे दूरध्वनी. इंग्रज सरकारचा भारतातील सर्वोच्च अधिकारी म्हणजे व्हाइसरॉय. तो दिल्लीस ३४० दालनांच्या प्रासादात राहत असे. त्या प्रासादास आज राष्ट्रपती भवन म्हणतात. देशातील कोणत्याही मोठ्या प्रश्नावर गांधीजींचे मत जाणून घेतल्याशिवाय सरकारचे चालेना. म्हणून लॉर्ड लिनलिथगो व्हाइसरॉय असताना आश्रमात दूरध्वनीची सोय करण्यात आली. तारेच्या एका टोकास शेकडो खोल्यांचा प्रासाद आणि दुसऱ्या टोकास चटईवर बसलेला एक वृद्ध! सत्ता प्रासादात होती. पण जनतेचा विश्वास मातीच्या कुटीत होता. ह्या विश्वासाची दखल प्रासादास घ्यावी लागली.

शेगावचे नाव सेवाग्राम कसे झाले, ही हकीकतही गमतीची आहे. बुलढाणा जिल्ह्यात संत गजानन महाराजांचे प्रसिद्ध शेगाव आहे. गांधीजींची पत्रे पुष्कळदा चुकून तेथे जात. हा घोटाळा टळावा म्हणून १९४० साली ह्या गावास 'सेवाग्राम' हे नाव देण्यात आले. नाव सोयीसाठी बदलले. पण ते गावास शोभून दिसले, कारण तेथील दिवसाचा आरंभ पहाटेच्या प्रार्थनेने आणि नंतरचा सारा वेळ सेवेत जात असे. झाडणे, दळणे, स्वयंपाक, सूतकताई, शौचकूपांची सफाई, रुग्णांची शुश्रूषा ही कामे सर्वांनी करावयाची असत. कोणतेही काम हलके नाही आणि काम करणारा कोणीही माणूस नीच नाही, हा तेथील पहिला धडा होता.

हा धडा सोपा नव्हता. गावातील अनेकांस शिवाशीव सोडणे मान्य नव्हते. गल्ल्यांतील घाण उचलण्यास आश्रमवासी जात, तेव्हा काही लोक नुसते पाहत उभे राहत. गांधीजींनी कोणावर जबरदस्ती केली नाही. शेगावला आले त्याच वर्षी, म्हणजे १९३६ साली, गांधीजींना स्वतःला हिवताप झाला आणि उपचारासाठी वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. पण बरे होताच ते पुन्हा ह्याच गावी परतले. एका खेड्याचे मन वळविणे हे साम्राज्याशी झगडण्याइतकेच अवघड आहे, हा अनुभव त्यांना येथे आला. गावाने त्यांचे सर्वच म्हणणे ऐकले असे नाही. तरी त्यांनी गाव सोडले नाही.

त्यांच्या निष्ठेची कसोटी पाहणारा एक प्रसंग १९३९ साली घडला. परचुरेशास्त्री नावाचे एक संस्कृतचे विद्वान आश्रमात आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. हा रोग झालेल्या माणसास त्या काळी घरचे लोकही दूर लोटीत. आज औषधांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. त्या वेळी तसे औषध नव्हते आणि लोकांच्या मनात भीती मात्र अपार होती. आश्रमात स्त्रिया होत्या, मुले होती. त्यांच्या आरोग्याचा विचार करणेही प्राप्त होते. तरीही गांधीजींनी शास्त्रीबुवांस परत पाठविले नाही. त्यांच्यासाठी एक कुटी बांधून घेतली आणि स्वतः जाऊन त्यांच्या जखमा धुतल्या, अंगास तेल लावून मालिश केले. देशाच्या कारभाराच्या मसलतींतून वेळ काढून गांधीजी ह्या कामास जात. हे काम त्या मसलतींहून कमी महत्त्वाचे आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. परचुरेशास्त्रींची ती कुटी आजही आश्रमात आहे.

मुलांच्या शिक्षणाशीही ह्या भूमीचा निकट संबंध आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे देशातील शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. पुस्तकांबरोबर हातांनीही शिकावे, शेती, सूतकताई, सुतारकाम अशा उद्योगांतून गणित, विज्ञान आणि भाषा शिकाव्यात, हा विचार तेथे मांडला गेला. त्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन हे पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. ह्या शिक्षणास 'नयी तालीम' असे म्हणतात. सेवाग्राममध्ये आर्यनायकम् पतिपत्नींनी त्याप्रमाणे मुलांना शिकविण्याचे काम अनेक वर्षे केले.

इ. स. १९४२ चा उन्हाळा आला. वर्ध्याचा उन्हाळा अत्यंत कडक असतो. त्या जून महिन्यात लुई फिशर नावाचे एक अमेरिकन पत्रकार गांधीजींना भेटावयास सेवाग्रामला आले आणि आठवडाभर राहिले. उकाड्याने ते इतके हैराण झाले, की पाण्याने भरलेल्या टबात लाकडी खोके ठेवून त्यावर बसत आणि तेथूनच टंकलेखन करीत. त्या आठवड्यात त्यांनी गांधीजींना नाना प्रश्न विचारले. लवकरच जगास कळावयाचे होते, ते येथे आधी आकार घेत होते. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्धा येथे ठराव करून इंग्रजी सत्ता भारतातून जावी अशी मागणी केली. ८ ऑगस्ट रोजी मुंबईस 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना अटक झाली. १६ ऑगस्ट रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक रस्त्यावर आले आणि अनेकांनी प्राणार्पण केले.

गांधीजींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात ठेवण्यात आले. तेथे त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी मरण पावल्या. सुटका झाल्यावर गांधीजी सेवाग्रामला परतले, तेव्हा बांची कुटी रिकामी होती. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते सेवाग्रामहून दिल्लीस गेले आणि पुढे दंगलींनी पोळलेल्या नोआखालीत लोकांचे अश्रू पुसण्यासाठी गावोगाव पायी हिंडले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. आता कुटीत परतण्यास कोणतीही आडकाठी नव्हती आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला येण्याचा त्यांचा विचारही होता. परंतु ३० जानेवारी रोजी दिल्लीस त्यांची हत्या झाली. चटई, मेज आणि चरखा जागच्या जागी राहिले. त्यांचा धनी मात्र परत आला नाही.

गांधीजींनंतरही सेवाग्राम ओस पडले नाही. मार्च १९४८ मध्ये त्यांचे सहकारी येथेच एकत्र जमले आणि पुढील कार्याचा विचार झाला. कस्तुरबांच्या नावाने सुरू झालेल्या रुग्णालयास जोडून १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर ह्यांच्या प्रयत्नाने वैद्यकीय महाविद्यालय निघाले. गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आता विस्तारला आहे. प्रार्थनाभूमीवर आजही सकाळ-संध्याकाळ सर्वधर्मप्रार्थना होते. कुटीशी येणारा प्रत्येकजण, मग तो देशाचा मोठा अधिकारी असो वा फुलसावंगीसारख्या गावातून सहलीस आलेला विद्यार्थी असो, पायांतील वहाणा बाहेर काढून आत जातो आणि सर्वांबरोबर भुईवरच बसतो.

ह्या स्मारकाचा अर्थ काय? मातीचे घर दगडासारखे आपोआप टिकत नाही. पावसाची झड भिंत खाते, वाळवी लाकूड पोखरते, वाऱ्याने कवेलू सरकतात. एक-दोन वर्षे कोणी लक्ष दिले नाही, तर अशी कुटी पुन्हा मातीस मिळावयाची. ती आज उभी आहे, ती दरवर्षी कोणी तरी माती कालवते, भिंती लिंपते आणि छप्पर शाकारते म्हणून. ज्यांनी गांधीजींना पाहिले ते हात आता राहिले नाहीत. त्यांची जागा नव्या हातांनी घेतली आहे. स्वातंत्र्याचेही असेच आहे. ते एकदा मिळाले म्हणून कायमचे टिकत नाही. शेजाऱ्यास तुच्छ मानल्याने त्याच्या भिंतीस तडा जातो आणि आळसाने त्याच्या छपरास गळती लागते. ती बुजविण्याचे काम प्रत्येक पिढीस नव्याने करावे लागते.

आणि ही कुटी मातीची असल्यामुळे ती कोणासही परकी वाटत नाही. ताजमहाल पाहून मुले थक्क होतात. पण तसा महाल आपण बांधू, असे कोणाच्या मनात येत नाही. बापू कुटी पाहून मात्र खेड्यातील मूल म्हणते, "अशी भिंत माझी आजी लिंपते." त्या क्षणी त्याच्या ध्यानात येते, की ज्या घरातून साम्राज्यास आव्हान दिले गेले, ते घर आपल्या घरासारखेच होते, त्यासाठी लागणारी माती आपल्याही गावात आहे आणि ती कालविणारे हात आपल्याही जवळ आहेत.

स्वाध्याय

१. शेगावचे नाव 'सेवाग्राम' असे का ठेवण्यात आले?
२. आश्रमातील घरे बांधताना गांधीजींनी कोणत्या गोष्टींवर कटाक्ष ठेवला?
३. सापाचा चिमटा आणि दूरध्वनी ह्या वस्तूंवरून काय बोध होतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. परचुरेशास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजींपुढे कोणता पेच उभा राहिला? त्यांनी तो कसा सोडविला?
५. "स्वातंत्र्याचेही असेच आहे." ह्या वाक्यातील 'असेच' ह्या शब्दाने लेखकास काय सुचवावयाचे आहे?
६. आपल्या गावातील एखाद्या जुन्या घराची माहिती वडील माणसांना विचारा. ते घर कोणी बांधले, कशाचे बांधले आणि त्याची निगा कशी राखतात, ह्याविषयी दहा-बारा ओळी लिहा.